पहिलं पाऊल रोहितचं

मेधा मॅडमनी मोबाइलवरचा निरोप दोनदा वाचला आणि संस्थेच्या माणसाला फोन लावला.

"तुमच्या त्या येणाऱ्या मुलीला दुसरं काही नाव आहे का हो? घरचं, लाडाचं, कुठलंही."

"का मॅडम, काही प्रॉब्लेम?"

"नाही, सहज विचारलं."

निरोपात लिहिलं होतं : आयला मॅकेन्झी, देश स्कॉटलंड. हिंजवडीतली ही संस्था दरवर्षी वेगवेगळ्या देशांतली तरुण मुलं आसपासच्या शाळांत आठवडाभर पाठवायची. त्यांनी वर्गात आपल्याकडच्या चालीरीती सांगायच्या, पोरांनी आपल्या सांगायच्या, असा बेत. यंदा मुळशी धरणाच्या वरच्या अंगाच्या वाडीचा नंबर लागला होता. शाळेत शिक्षक दोन. त्यातले सर प्रशिक्षणाला गेलेले, म्हणजे दुभाष्याचं काम मॅडमकडेच आलं.

मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'ईलाताई' लिहून ठेवलं होतं. पण ती लालभडक केसांची मुलगी वर्गात आली, हसली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माय नेम इज आयला."

वर्गानं मॅडमकडे बघितलं. पाचवीतली पिंकी हळूच म्हणाली, "मॅडम, ती शिवी देतीया."

दोन दिवसांत पोरांना या नावाची गोडी लागली. कुणाची पेन्सिल पडली, कुणाचा बॉल कौलावर गेला, की तोंडातून 'आयला' निघायचं आणि ती मागं वळून "येस?" म्हणायची. ज्या शब्दासाठी आजवर पट्टी खाल्ली, तो आता पाहुण्यांचा मान राखून मोठ्यानं म्हणता येत होता. मॅडमनी तो आठवडा तेवढ्याकडे कानाडोळा करायचं ठरवलं.

आयलाची राहायची सोय हैबतराव आणि गोजराबाईंकडे होती. घराच्या धरणाकडच्या दोन खोल्या ते शनिवार-रविवारच्या पर्यटकांना भाड्यानं देत. गिझर आणि कमोड दोन्ही चालू असलेलं वाडीतलं ते एकच घर. त्यांचा मुलगा रोहित हिंजवडीत कंपनीच्या माणसांना ने-आण करणारी कॅब चालवायचा. तो दाराच्या चौकटीखालून वाकून जायचा इतका उंच होता, आणि चांगलाच काळा होता.

चार वर्षं त्याच्या लग्नाचं चाललं होतं. गाडी स्वतःची, घरची भातशेती, सुपारीचंही व्यसन नाही. पाहुणे यायचे, पोहे खायचे, रोहितकडे एकदा बघायचे आणि "विचार करून कळवतो" म्हणून जायचे. रंगाचं नाव कुणी काढायचं नाही. पौडच्या फोटोवाल्यानं तर बायोडाटासाठी त्याचा फोटो इतका उजळून दिला होता, की एका मुलीच्या मावशीनं समोर बसलेल्या रोहितलाच विचारलं होतं, "नवरदेव कुठं गेलेत?" वाडीतल्या बायका गोजराबाईंना बेसन-हळदीचे आणि सायीचे उपाय सांगायच्या. त्या ऐकून घ्यायच्या आणि घरी येऊन भांडी जरा जास्तच जोरात घासायच्या.

शुक्रवारी आयलानं तिच्याकडच्या नव्या वर्षाबद्दल सांगितलं. मॅडमचं इंग्रजी चांगलं होतं, पण स्कॉटलंडचं इंग्रजी फार भरभर यायचं. त्यातला जो शब्द हाती लागेल तो त्या पुढे पाठवायच्या.

"तर मुलांनो, त्यांच्याकडे नवीन वर्ष लागल्यावर घराच्या उंबऱ्यातून सगळ्यात आधी कोण आत येतं, याला फार महत्त्व असतं. पहिलं पाऊल ज्याचं, तसं वर्ष जातं."

"कुणाचं चांगलं असतंय, मॅडम?"

मॅडमनी विचारलं. आयलानं हात उंच करून दाखवला आणि तीन-चार शब्द बोलली. त्यातले 'टॉल' आणि 'डार्क' मॅडमना स्पष्ट ऐकू आले.

"उंच आणि काळासावळा माणूस," मॅडम म्हणाल्या. "त्यानं हातात कोळसा घेऊन यायचं. म्हणजे वर्षभर चूल थंड पडत नाही."

आयलानं मग स्वतःच्या केसांना हात लावला, मान हलवली आणि हसली. लाल केसांच्या बाईचं पाऊल सगळ्यात वाईट समजतात, एवढं मॅडमना नीट समजलं आणि त्यांनी तेही सांगितलं. पोरं हसली. तेवढ्यात पिंकीनं बोट वर केलं.

"मॅडम, आपलं नवीन वरीस तर परवाच लागतंय. पाडव्याला."

"हो," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी गणिताचं पुस्तक उघडलं.

पिंकी ही विठ्ठलरावांची नात. विठ्ठलराव वाडीचे माजी सरपंच, रंगानं लख्ख गोरे, आणि त्याचा त्यांना अभिमान. पण मागचं वर्ष त्यांना वाईट गेलं होतं. रिसॉर्टची परवानगी अडकली, बोअर कोरडी गेली आणि गुडघा धरला. नातीचं बोलणं त्यांनी जेवण थांबवून ऐकलं.

"येडेपणा हाय सगळा," त्यांची बायको म्हणाली.

"येडेपणा कसा? ती लोकं उगं पुढं गेली व्हय? काईतरी करत आसतीलच की," विठ्ठलराव म्हणाले. "आन् आपल्याला खर्च काय हाय? उंच आन् काळा म्हंजे हैबतीचा रोहित. दुसरा हाय कोण आपल्यात?"

त्यांनी लगेच हैबतरावांना फोन केला. वाडीत फोनवरचं बोलणं फोनपुरतं राहत नाही. संध्याकाळपर्यंत गोजराबाईंना अकरा घरांतून निरोप आले. कुणाचा मनापासून विश्वास होता असं नाही. पण शेजारचा रोहितला बोलावतोय म्हटल्यावर आपणच कशाला मागं राहा, असा हिशोब होता.

"मावशी, परवा रोहितला आधी आमच्याकडं धाडा बरं का. विठ्ठलरावाकडं जायच्या आधी," बेसन-हळदीवाली शेजारीण म्हणाली.

"बघते," गोजराबाई म्हणाल्या. "त्याला लई घरं हायेत."

एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाला असं उत्तर दिलं नव्हतं. त्या रात्री भांडी अगदी हळू घासली गेली.

रोहित कामावरून आला, तेव्हा आयला ओट्यावर चहा पीत बसली होती. तो तिच्याशी थोडा वेळ इंग्रजीत बोलला, दोघं हसले. मग तो आत आला आणि आईचं सगळं ऐकून घेतलं.

"जाशील ना?"

"जाईन की."

"पण पाडव्याला म्हाळुंग्याची माणसं येनार हायेत घर बघायला. पोरगीबी येतीया संगं."

"ते अकरापर्यंत येतील. तवर होतंय माझं."

पाडव्याला पहाटेच पेच पडला. रोहित आंघोळ करून, नवा पांढरा शर्ट घालून, हातात चुलीतला कोळसा घेऊन दारात उभा राहिला. गोजराबाईंचं म्हणणं, त्यानं बाहेर जाऊन लगेच आत यावं, म्हणजे आपल्या घराचं पहिलं पाऊल उरकलं. हैबतरावांना ते पटेना.

"घरातला मानूस दोन मिंटं भायेर जाऊन आला, तर त्याला पहिलं पाऊल म्हनत्यात का? त्यानं गाव फिरून यायला पायजे. मग तो पाव्हना."

"आन् तवर?"

"तवर कुनी आत यायचं न्हाई. भायेर जायला हरकत न्हाई."

रोहित निघाला. त्याच्या मागोमाग हैबतराव म्हशीची धार काढायला गोठ्यात गेले. धार काढून परत आले, तर गोजराबाई दारात आडव्या.

"कुटं निगालात?"

"घरात. कपडे करायचेत."

"तुमीच म्हनला ना, कुनी आत यायचं न्हाई?"

हैबतरावांच्या अंगात बंडी होती, कमरेला पंचा होता आणि हातात दुधाची किटली होती. त्यांनी किटली खिडकीतून आत दिली आणि ते फणसाच्या झाडाखाली जाऊन बसले. कपडे खिडकीतून घेता आले असते, पण उघड्यावर धोतर बदलणं त्यांना बरं वाटेना.

वाडीत सगळीकडे थोडाफार हाच प्रकार होता. गुढ्या आतून खिडक्यांना बांधलेल्या. दूधवाला दुधाच्या पिशव्या फाटकाला अडकवून गेला. जे पहाटे परसाकडे किंवा शेताकडे गेले होते ते आपापल्या अंगणात उभे होते आणि एकमेकांना लांबूनच "आला का रं?" विचारत होते. एक-दोन घरची पोरं पारावर बसून राहिली होती.

रोहितला विठ्ठलरावांकडे आधी जायचं होतं. पण त्यांचा बंगला चढावर, वाडीच्या शेवटाला. वाटेत पहिल्याच घरानं त्याला हाताला धरून आत नेलं. तिथं श्रीखंड खाल्ल्याशिवाय सुटका नाही. पुढच्या घरी पुरणपोळी. कोळसा कुठं ठेवायचा यावर प्रत्येक घरात चर्चा व्हायची, मग तो देवापुढे ठेवला जायचा, मग रोहितच्या हातात दुसरा दिला जायचा. घाम पुसता पुसता पांढऱ्या शर्टावर बोटं उमटत गेली. विठ्ठलरावांचे फोन येत राहिले. "आलोच," रोहित म्हणायचा आणि पुढचा दरवाजा उघडायचा.

अशा वेळी म्हाळुंग्याची गाडी वाडीत आली. गाडीत अपेक्षा होती आणि तिचे वडील. त्यांची जमीन बिल्डरला गेली होती आणि मोबदल्यात मिळालेल्या फ्लॅटांच्या भाड्यावर घर चालायचं. अपेक्षा हिंजवडीत एका कंपनीत नोकरीला होती. घर आपण स्वतः बघणार, असं तिनंच सांगितलं होतं.

वडील उतरून पहिल्या दाराशी गेले. दार थोडं किलकिलं झालं.

"हैबतरावांचं घर कुठलं हो?"

"आत नगा येऊ. रोहित आल्याबिगर कुनाला आत घेत न्हाई आज."

"रोहित? आम्हाला त्याच्याचकडं जायचंय."

"मग लौकर धाडून द्या त्याला. आमचा नैवेद्य खोळंबलाय."

दुसऱ्या दाराशीही हेच. तिसऱ्या घरातल्या आजीनं तर खिडकीतून हात जोडले आणि सांगितलं, रोहितचं पाऊल लागल्याशिवाय आम्ही पाणीसुद्धा प्यायलो नाही. वडील गाडीत येऊन बसले.

"मध्यस्थानं आपल्याला नीट सांगितलेलं दिसत नाही," ते म्हणाले. "हा माणूस कॅब चालवतो म्हणाला होता ना?"

"हो, बाबा."

"मग पूर्ण गाव त्याच्यासाठी उपाशी का?"

अखेर पारावरच्या पोरांनी घर दाखवलं. फणसाखाली एक वयस्कर माणूस बंडी-पंचावर बसलेला बघून वडिलांनी त्यालाच विचारलं, "अहो काका, मालक आहेत का घरात?"

हैबतराव उठून उभे राहिले. "मीच मालक. या, बसा. हितंच बसू जरा. हवा चांगली हाय."

गोजराबाईंनी खिडकीच्या गजांतून नमस्कार केला, गजांतूनच पाणी दिलं आणि गजांतूनच खुशाली विचारली. खुर्च्या घरात होत्या, त्या गजांतून येईनात. त्यांना बाहेर येता येत होतं, पण मग आतल्या पुऱ्या कोण बघणार? पाहुणे दगडावर बसले. ऊन वर आलं. अपेक्षानं मधेच विचारलं, "काकू, मी आत येऊन मदत करू का?" तेव्हा गोजराबाईंच्या हातातल्या झाऱ्यातलं तेल सांडलं.

"नगं गं बाई. रोहित आला की या सगळी."

रोहितला फोन लावला. तो नवव्या घरात होता. तिथली म्हातारी त्याला दुसऱ्यांदा आत यायला सांगत होती, कारण पहिल्यांदा तिला नीट दिसलं नव्हतं.

तेवढ्यात धरणावर फोटो काढायला गेलेली आयला परत आली. वाटेत भेटलेल्या मेधा मॅडमही तिच्याबरोबर होत्या. त्यांना आज इकडेच जेवायला बोलावलं होतं. चालून चालून आयलाचा चेहरा केसांइतका लाल झाला होता. ती पाहुण्यांना "नमस्कार" म्हणाली आणि कुणी काही म्हणायच्या आत बूट काढून, उंबरा ओलांडून, थेट बाथरूमकडे गेली.

अंगणातले सगळे उघड्या दाराकडे बघत राहिले. गोजराबाई खिडकीतून दिसेनाशा झाल्या. त्या चुलीपुढे खाली बसल्या होत्या. काय झालं याचा अंदाज पहिला आला तो हैबतरावांना.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "आता थांबून उपेग न्हाई." आणि ते कपडे घालायला आत गेले. त्यांच्या मागून पाहुणे आले.

आयला बाहेर आली, तेव्हा सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं मॅडमना कारण विचारलं. मॅडमनी दबक्या आवाजात सांगितलं. आयलानं आधी तोंडावर हात ठेवला, मग गोजराबाईंची माफी मागितली आणि मग तिला एकदम काहीतरी सुचलं. ती या वेळी अगदी सावकाश बोलली. डार्क म्हणजे केस. काळ्या केसांचा कुणीही. तुमच्या गावात तर सगळेच चालतील, एक मी सोडून. रंगाचं ती काही म्हणालीच नव्हती.

मॅडमच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. गोजराबाई आशेनं बघत होत्या.

"काय म्हनतीया ती?"

मॅडमनी गोजराबाईंकडे पाहिलं. नव्या लुगड्यात, केसात गजरा घालून ती बाई पहाटेपासून उभी होती.

"ती म्हणतेय, घर फार छान आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि वास चांगला येतोय."

अपेक्षाला इंग्रजी येत होतं. तिनं मान खाली घातली आणि ओढणीनं तोंड पुसलं. मॅडमना कळलं की तिला कळलंय. त्या पुऱ्या लाटायला बसल्या.

थोड्या वेळानं रोहित आला. शर्टाचा पुढचा भाग काळा, हातात कोळसा, आणि पोटात इतकं गोड गेलेलं की त्याला नीट वाकून नमस्कार करता येईना. अपेक्षाच्या वडिलांनी स्वतः उठून त्याला खुर्ची दिली. गावातली माणसं तुम्हाला फार मानतात, असं ते दोनदा म्हणाले. रोहित फक्त "हां" म्हणाला.

रीतीप्रमाणे दोघांना बोलायला अंगणात पाठवलं. अपेक्षा फणसाला टेकून उभी राहिली. ती बऱ्यापैकी उंच होती आणि रंगानं त्याच्याहून फार उजळ नव्हती.

"एक विचारू? डार्क म्हणजे केस. ही आयला आत्ता सांगत होती. तुम्हाला माहीत आहे?"

रोहितनं हातातल्या कोळशाकडे बघितलं.

"माहिती हाय. शुक्रवारी संध्याकाळीच तिनं सांगितलं मला. वाटेत लोकं बोलत होती, म्हणून मीच विचारलं होतं."

"मग बोलला नाहीत?"

"बोलणार होतो. पण आत गेलो तर आई फोनवर होती. लई खूश होती." त्यानं कोळसा दुसऱ्या हातात घेतला. "आन् खरं सांगू का, मलाबी बरं वाटलं. माझा रंग बघून आजवर दारं बंद झाली. ह्या दोन दिवसांत पहिल्यांदा कुणी त्याच्यासाठी उघडत होतं. म्हटलं, पाडवा होऊ दे. मग सांगू."

अपेक्षानं ओढणी सारखी केली. मग म्हणाली, "माझ्या बायोडाटातला फोटो बघितलात?"

"बघितला."

"ती मी नाही. म्हणजे मीच आहे, पण..."

"पौडचाच फोटोवाला का?"

"औंधचा."

दोघं हसले, तेवढ्यात रोहितचा फोन वाजला. फोनवर विठ्ठलराव होते. त्यांचा आवाज उपाशी माणसाचा होता. "आरं, दोन वाजत आले. गुढीपुढं ताट वाढून ठेवलंय, कुनी घास घेतला न्हाई. सगळ्यांत आधी मी सांगितलं होतं तुला."

"राहिलंय एक घर," रोहित अपेक्षाला म्हणाला. "जाऊन येतो. तुमी बसा."

"मी येते," अपेक्षा म्हणाली.

बंगल्याच्या चढावर गाडी वळवायला जागा कमी होती. रोहित गाडी मागंपुढं करत राहिला. अपेक्षानं त्यानं समोर ठेवलेला कोळसा उचलला, खाली उतरली आणि बेल वाजवली.

दार विठ्ठलरावांनीच उघडलं. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"रोहित कुटं हाय?"

"गाडी लावतायत. तुम्हाला उंच आणि काळंसावळं कुणी हवं होतं ना?"

विठ्ठलराव चौकटीत उभे राहिले. मागून श्रीखंडाचा वास येत होता.

"आजोबा," पिंकी म्हणाली, "ती बाई हाय. पुरुष पायजे."

"मॅडम काय म्हनाल्या होत्या? वर्गात?"

"उंच आन् काळासावळा माणूस."

"मग ही मानूस न्हाई तर कोन हाय?" विठ्ठलराव म्हणाले आणि बाजूला झाले. "ये पोरी, आत ये. ताटं घ्या गं."

रोहित गाडी लावून, पायऱ्या चढून दारात आला, तेव्हा आत सगळे जेवायला बसलेले होते. विठ्ठलरावांच्या तोंडात पहिला घास होता. त्यांनी वर बघितलं.

"तू आता कशाला आलास? आमचं झालं की काम." मग त्यांना जरा कसंतरी वाटलं असावं. "आलायस तर बस जेवायला. हिच्यासंगंच आलायस न्हवं?"

रोहितच्या पोटात तिळाएवढी जागा नव्हती. तो नाही म्हणणार होता. पण अपेक्षा पंगतीत जरा सरकली आणि तिनं शेजारी जागा केली. मग तो वाकून चौकटीखालून आत आला, बसला आणि आणखी एक पुरणपोळी खाल्ली.